दोन संगणकांचा पत्रव्यवहार

१९८२ सालच्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची फ्लॉपी आय. बी. एम. पी. सी. स वाचतां येत नाहीं. दोहोंची लेखनपद्धतिच निराळी. कित्येक घरांतले जुने निबंध व हिशेब अशा फ्लॉपींत अडकले आहेत, आणि त्यांवरील चुंबकीय थर झिजत आहे. ते न्यावे कसे? तारेनें. मात्र कमोडोरचे संकेत ५ व्होल्टांचेच, म्हणून मध्यें दाब बदलणारें साधन हवें. वॉर्ड ख्रिस्टेन्सेन यांची १९७७ ची एक्समोडेम रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते: मजकूर १२८ बाइटांच्या तुकड्यांनीं जातो, प्रत्येकासवें त्याची बेरीज, ती न जुळल्यास तोच तुकडा पुन्हां मागवितात. तरीही ६५ हा आंकडा पी. सी. वर मोठा ‘ए’, तर कमोडोरच्या लेखनस्थितींत लहान! तेव्हां अक्षरें शेवटीं पालटून घ्यावीं लागतात.