सोयाबीनची नोंदवही आणि भाड्याचा संगणक

विदर्भ व मराठवाडा या भागांत सोयाबीन हें आतां खरिपाचें एक प्रमुख पीक झालें आहे. पान पिवळें पडलें, खोड काळें दिसूं लागलें किंवा शेंगा भरल्या नाहींत, म्हणजे हा रोग कोणता व फवारणी कशाची करावी, हा प्रश्न सभासदांपुढें उभा राहतो. निदान चुकलें तर औषधाचा खर्च वायां जातो आणि पीकहि हातचें जातें. जुन्या नोंदींवरून असें निदान करण्यास मदत करणारें सॉफ्टवेअर आज फुकट मिळतें. तें भाड्याच्या संगणकावर कसें बसवावें, घरबसल्या त्यास कसें जोडून घ्यावें, आणि त्यापासून कोणती अपेक्षा ठेवावी व कोणती ठेवूं नये, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

नोंदींतून नियम

पुष्कळ नोंदी चाळून त्यांत दडलेले नियम शोधून काढणें यास डेटा मायनिंग म्हणतात. याचें एक जुनें उदाहरण सोयाबीनचेंच आहे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे मिखाल्स्की व त्यांचे सहकारी चिलॉस्की यांनीं १९८० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोगट झाडांविषयीं सहाशेंहून अधिक प्रश्नपत्रिका भरल्या होत्या. प्रत्येकींत महिना, पाऊस, उष्णमान, पानांवरील ठिपके, खोड, शेंगा, बीं, मुळें अशा ३५ बाबी होत्या. एकीकडे रोगतज्ज्ञास विचारून त्याच्या अनुभवाचे नियम लिहून काढले. दुसरीकडे सुमारें तीनशें नोंदी संगणकास देऊन त्याच्याकडून नियम काढविले. उरलेल्या नोंदींवर परीक्षा घेतां तज्ज्ञाचे नियम शेंकडा सुमारें ७२ वेळां बरोबर ठरले, तर संगणकाचे शेंकडा ९७ हून अधिक वेळां. यावरून तज्ज्ञ कमी प्रतीचा, असें मात्र समजूं नये. जाणत्या डोळ्यांस जें दिसतें तें सर्व शब्दांत सांगतां येत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

अशा कामासाठीं न्यूझीलंडांतील वायकाटो विद्यापीठांत १९९३ पासून 'वेका' हें सॉफ्टवेअर तयार होऊं लागलें. वेका हा तेथील न उडणारा एक पक्षी आहे. या सॉफ्टवेअरचा पहिला उपयोग शेतीच्या नोंदींवरच झाला. कळपांतील कोणत्या गाई ठेवाव्या व कोणत्या काढाव्या, हा तेथील गोपालकांचा दरवर्षींचा प्रश्न त्यांत अभ्यासिला गेला. वेका आजहि विनामूल्य मिळतें.

संगणक भाड्यानें कां घ्यावा

ज्यास 'क्लाउड' म्हणतात तो आकाशांतला ढग नव्हे. दुसऱ्याच्या इमारतींत चालू असलेला व इंटरनेटवरून आपणांस वापरतां येणारा संगणक, इतकाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टचें असें केंद्र पुण्यास २०१५ पासून व अमेझॉनचें मुंबईस २०१६ पासून आहे. मळणीयंत्र हंगामापुरतें भाड्यानें आणावें, तसा हा संगणक तासाच्या हिशेबानें घेतां येतो. घरचा संगणक जुना असला तरी चालतें, आणि मंडळाच्या दोन गांवच्या सभासदांस एकाच यंत्रावर काम करितां येतें. एका तालुक्याच्या नोंदी कांहीं हजार ओळींच्या असतील. त्यांस २ गिगाबाइट स्मृतीचें लहान यंत्र पुरतें. मोठें यंत्र घेऊन भाडें वाढवूं नये.

यंत्र उभें करणें

(१) भाडे देणाऱ्या कंपनीकडे खातें उघडून मुंबई किंवा पुणें हें केंद्र निवडावें, आणि यंत्रावर 'युबंटू' ही विनामूल्य कार्यप्रणाली घ्यावी.

(२) यंत्र तयार करितांना किल्ल्यांची जोडी करावी. एक किल्ली यंत्रावर राहते. दुसरी, म्हणजे खासगी किल्ली, फाईलच्या रूपानें आपणांस मिळते. अमेझॉनकडे ही फाईल एकदांच उतरवून घेतां येते. ती हरवूं नये, कोणास पाठवूं नये व सार्वजनिक संगणकावर ठेवूं नये.

(३) यंत्रास अनेक दरवाजे असतात, त्यांस पोर्ट म्हणतात. त्यांपैकीं २२ क्रमांकाचा एकच उघडा ठेवावा, आणि तोहि केवळ आपल्या इंटरनेट-पत्त्यावरून येणाऱ्यास. सर्व जगास दार उघडें ठेविल्यास कुलूप चांचपून पाहणारे थोड्याच वेळांत येतात. ही गोष्ट अतिशयोक्तीची नाहीं.

यंत्रास जोडणें

जोडणीचें साधन एसएसएच या नांवाचें आहे. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनीं तें १९९५ सालीं निर्माण केलें. तत्पूर्वीं पासवर्ड तारेवरून उघडा जात असे व वाटेंत चोरला जाई. एसएसएचनें सर्व मजकूर सांकेतिक होऊन जातो. विंडोजच्या चालू आवृत्त्यांत, मॅकमध्यें व लिनक्समध्यें तें आधींच असतें.

आज्ञा रोमन अक्षरांत लिहावयाची असते. तिचा क्रम असा: प्रथम 'एसएसएच', नंतर आडवी रेघ व तिला लागून 'आय', मग किल्लीच्या फाईलचें नांव, शेवटीं 'युबंटू', ॲटचें चिन्ह व यंत्राचा पत्ता, हे तिन्ही मध्यें जागा न सोडतां. प्रथमच जोडतांना यंत्राची ओळख मान्य आहे काय, असें विचारलें जातें. कंपनीच्या पानावरील माहितीशीं ताडून 'यस' लिहावें. किल्लीची फाईल इतरांस वाचतां येईल अशी असल्यास एसएसएच ती नाकारतें. तेव्हां ती केवळ आपणांस वाचतां येईल अशी करून घ्यावी. कांहींच उत्तर न येतां वेळ संपला, तर बहुधा आपला घरचा इंटरनेट-पत्ता बदललेला असतो. तिसऱ्या कलमांतील नियमांत नवा पत्ता घालावा.

वेका बसविणें व चालविणें

आंत शिरल्यावर प्रथम जावा बसवावें, कारण वेका त्यावर चालतें. नंतर वेकाची फाईल यंत्रावर उतरवून ती सोडवावी. तिच्यासोबत सरावाच्या नोंदी येतात, व त्यांत सोयाबीनच्या ६८३ नोंदी आहेत. त्यांवर 'जे४८' ही पद्धति चालवून पाहावी. ही पद्धति प्रश्नांचें झाड तयार करिते: पानावर ठिपके आहेत काय, असल्यास पाऊस कसा होता, याप्रमाणें फांदीफांदीनें रोगाच्या नांवापर्यंत नेते. परीक्षेसाठीं ती नोंदींचे दहा भाग करिते, नऊ भागांवरून शिकते व दहाव्यावर स्वतःस तपासते. असें दहा वेळां होतें. ६८३ पैकीं ६२५ नोंदींचें निदान बरोबर, असें उत्तर आलें म्हणजे आपली मांडणी नीट झाली असें समजावें.

काम झाल्यावर यंत्र थांबवावें. केवळ आपला संगणक बंद केल्यानें भाडें थांबत नाहीं. कंपनीच्या पानावर जाऊन यंत्र थांबवावें लागतें. थांबविल्यावरहि साठवणुकीच्या जागेचें थोडें भाडें चालूच राहतें, व पुन्हां सुरू केल्यावर यंत्राचा पत्ता बहुधा बदलतो. हंगाम संपल्यावर नोंदी व निकाल घरीं उतरवून घेऊन यंत्र कायमचें काढून टाकावें.

खरी गोष्ट

आतां जें सांगावयाचें तें सर्वांत महत्त्वाचें आहे. सरावाच्या या नोंदींत १९ विकारांचीं नांवें आहेत. त्यांत पांढऱ्या माशीनें पसरणाऱ्या आपल्याकडील पिवळ्या मोझॅकचें नांव नाहीं. आणि हें प्रश्नांचें झाड 'मला माहीत नाहीं' असें कधींच म्हणत नाहीं. मोझॅक झालेल्या रोपाचीं लक्षणें त्यास दिलीं तर तें १९ पैकीं कोणतें तरी एक नांव बेधडक सांगेल. त्या १९ पैकीं बहुतेक बुरशीचे रोग आहेत. त्यावर विसंबून बुरशीनाशक फवारणाऱ्याचे पैसे जातील, आणि पांढरी माशी तोंवर रोग शेजारच्या शेतांत नेत राहील.

यास्तव परक्या नोंदी सरावापुरत्या वापराव्या व निदानासाठीं मंडळानें स्वतःची नोंदवही सुरू करावी. तींत पेरणीची तारीख, वाण, जमिनीची प्रत, पाऊस, लक्षण दिसल्याची तारीख, पान, खोड, शेंग व मूळ यांची स्थिति असे रकाने असावे. शेवटचा रकाना रोगाचा. तो कृषि विद्यापीठाच्या किंवा कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाकडून ठरवून घेऊनच भरावा. निरोगी झाडांच्याहि नोंदी ठेवाव्या. जें पाहिलें नाहीं तेथें अंदाज न लिहितां प्रश्नचिन्ह घालावें. वेका तें समजून घेतें. सभासदाचें नांव व गट क्रमांक यंत्रावर पाठवूं नयेत. त्यांऐवजीं अनुक्रमांक द्यावा, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी मंडळाच्या कपाटांत ठेवावी.

संगणक भाड्यानें मिळतो व वेका फुकट मिळतें. आपल्या शिवाराची नोंद मात्र कोणाकडून भाड्यानें आणितां येत नाहीं. ती प्रामाणिकपणें दोन-तीन खरीप भरली गेली, तर त्यानंतर यंत्रास विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपल्या शेताचें असेल. ज्या सभासदांस येत्या पेरणीपासून अशी वही ठेवावयाची असेल त्यांनीं रकाने आधींच आंखून ठेवावे; एकदां पाऊस लागला म्हणजे त्यास सवड मिळत नाहीं.