भाताचे तूस आणि पिण्याचे पाणी

भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे महाराष्ट्रातील धानाचे जिल्हे. तेथील भातगिरण्यांत भरडाईनंतर धानाच्या वजनाचा सुमारे एक-पंचमांश भाग तुसाच्या रूपाने उरतो. हे तूस लवकर कुजत नाही आणि वैरण म्हणूनही त्याचे मोल अल्पच. त्यामुळे त्याचा बराचसा भाग भट्टीत जाळला जातो. मागे राहणारी राख मात्र टाकाऊ नाही. तिच्यात सिलिका विपुल असते आणि तिचे कण सच्छिद्र असतात.

या गुणाचा उपयोग पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रातील शास्त्रज्ञांनी करून घेतला. तुसाची राख, सिमेंट व खडे यांचा थर असलेले ‘सुजल’ हे घरगुती गाळणयंत्र तेथे सिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड दिलेल्या राखेचे ‘स्वच्छ’ हे गाळणयंत्र बाजारात आले. राख गढूळपणा अडवते, तर चांदी जंतूंचा नाश करते.

अधिशोषण म्हणजे काय?

पाण्यात विरघळलेला पदार्थ घन कणाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे, यास अधिशोषण म्हणतात. पृष्ठभाग जितका मोठा, तितके हे कार्य अधिक. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या एक ग्रॅम सक्रिय कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक भरू शकतो. म्हणूनच हा कोळसा पाण्याचा रंग, दुर्गंधी व क्लोरीन दूर करतो. उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले यांवर प्रक्रिया करून रंगद्रव्ये व जड धातू वेगळे करता येतात, असे प्रयोगशाळांतील संशोधनातून दिसून आले आहे.

एकच उपाय सर्व दोषांवर नाही

चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळते. हे पाणी दिसावयास नितळ व चवीसही निर्दोष असते. ते उकळल्याने फ्लोराइड जात नाही. नुसत्या राखेच्या वा कोळशाच्या थरानेही ते पुरेसे निघत नाही. राखेवर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लेप दिल्यास मात्र ते धरले जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. या मर्यादेपलीकडचे पाणी बालपणी सतत प्यायल्याने डागाळलेले दात पुन्हा पूर्ववत होत नाहीत. दीर्घकाळ प्यायल्यास हाडेही जखडतात.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

यास्तव गाळणयंत्र घेण्यापूर्वी पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत तपासून घेणे अगत्याचे आहे. दोष कोणता हे कळल्यावरच उपाय ठरवावा. चुलीतील राख माठात टाकणे हा उपाय नव्हे. त्याने पाणी अधिकच दूषित होते. कणांची धारणशक्ती संपताच थर बदलावा लागतो, याची तरतूद प्रारंभीच करावी. विषारी धातू धरलेला जुना थर शेतात वा उकिरड्यावर टाकू नये. अन्यथा पाण्यातून काढलेले विष मातीवाटे विहिरीत परतेल. एवढी दक्षता घेतली, तर गिरणीमागचे तूस गावाच्या आरोग्याचे साधन ठरू शकेल.