ब्रोशर राहू द्या, डेक प्लॅन दाखवा

जळगावात नवी पेठेत किंवा धुळ्यात आग्रा रोडवर कुठल्याही ट्रॅव्हल एजंटाकडे डोकावलं, तर चारधाम, काश्मीर आणि दुबईच्या शेजारी आता क्रूझचंही पोस्टर दिसतं. निळं पाणी, पांढरं जहाज, कठड्याला टेकलेलं जोडपं. गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले : किती पडतं, कुठं कुठं नेतात, जेवायला काय? जहाज कोणतं, हे मात्र कुणी विचारत नाही. महाबळेश्वरचं हॉटेल घेताना फोटो मोठा करून बाथरूमची फरशी बघणारी आपण माणसं. आणि क्रूझमध्ये तर हॉटेल, गाडी, करमणूक आणि गाव, सगळं त्या एका जहाजात असतं. गोवा काय, पुन्हा रेल्वेनं बघता येईल.

मला जहाजांचा नाद कुठून लागला, हे घरच्यांनाही कोडं आहे. आमच्या मुलखात पाणी म्हणजे तापी, गिरणा, पांझरा, फार तर हतनूरचं धरण. पण गेली कित्येक वर्षं मी जहाजांचे डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्यांचे नकाशे, जमवतोय. लोक दिवाळीत फराळाच्या ताटावर गप्पा मारतात तेव्हा मी कुणाला तरी सहाव्या डेकवरची लिफ्ट दाखवत असतो.

आधी इतिहास उरकून टाकतो. मुंबई–कोकण–गोवा बोटी आपल्या आधीच्या पिढ्यांनी बघितल्या. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली, आणि ती धास्ती कित्येक घरांत मुरली. पुढं कोकणची बोटसेवा बंद पडली. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०१९ला जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली. कोरोनात दोन्ही थांबल्या. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ धावतेय. पुढच्याच महिन्यात तिच्यावर पडलेल्या अमली पदार्थांच्या छाप्यानं तिचं नाव गावोगावच्या टीव्हीवर गेलं. आमच्याकडं अजूनही तिकिटाचा विषय निघाला की कुणी तरी तेच काढून हसतं. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलं, त्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. झाला इतिहास.

आता माझ्या आवडीचं. जहाजाचं वय आणि पूर्वायुष्य विचारा. सोयरीक जमवताना आपण मामाकडचं गोत्रसुद्धा काढतो, मग इथं लाखभर रुपये मोजताना का लाजायचं? ही ‘एम्प्रेस’ फ्रान्समध्ये सेंट-नाझेर इथं बांधली गेली आणि १९९०मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून सेवेत आली. मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरी करायच्या, एवढ्यासाठीच रॉयल कॅरिबियननं ती घेतली होती. पुढं ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, मग पुलमन्तूर या स्पॅनिश कंपनीकडं गेली, २०१६ला परत आली, क्युबाच्या फेऱ्या केल्या आणि नंतर आपल्याकडं आली. हे मी हौसेनं सांगतोय खरं, पण त्यात कामाची गोष्ट आहे. तीन रात्रींसाठी बांधलेल्या जहाजात खोलीत कुणी फारसं बसणार नाही, हे गृहीत असतं. म्हणून तिच्या साध्या खोल्या सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, बाल्कनीच्या खोल्या मोजक्या, आणि जागेची चैन केलीय ती मधल्या अनेक मजली मोकळ्या चौकात, तिथल्या काचेच्या लिफ्टमध्ये. ज्यांना दिवसभर हिंडायचं, नाचायचं, खायचं आणि रात्री नुसतं आडवं व्हायचं, त्यांना ती छान. बाल्कनीत बसून चहा पीत लाटा बघण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना पोस्टर फसवतं.

गंमत बघा. ‘कर्णिका’ही १९९०चीच. इटलीत बांधलेली, मूळ नाव ‘क्राउन प्रिन्सेस’. तिची बाह्यरेषा डॉल्फिनसारखी रेखली होती रेंझो पियानो या नामवंत वास्तुविशारदानं. नावं तिनं एम्प्रेसपेक्षाही जास्त बदलली. आणि २०२०च्या अखेरीस ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. एकाच साली जन्मलेल्या दोघी. एक अजून राबतेय, एकीचे पत्रे निघाले.

अलंगला मी मुद्दाम जाऊन आलो. भावनगर जिल्ह्यातला हा किनारा असा, की भरतीला पाणी प्रचंड चढतं, जहाज जोरात आणून चिखलात रुतवतात, ओहोटीला ते कोरडं पडतं आणि गॅस कटर घेऊन माणसं त्याला भिडतात. आत सहज सोडत नाहीत. पण अलंगच्या रस्त्यावर दुतर्फा दुकानांची रांग आहे, खाडा म्हणतात त्यांना, आणि तिथं जहाजातलं सगळं मिळतं : गाद्या, कपाटं, लाइफ जॅकेट, बशांचे ढीग, कुठल्याशा बारच्या उंच खुर्च्या. एका दुकानात भिंतीतून निघालेला अख्खा पलंग होता, बिजागरीसकट. तो उघडझाप करून बघितला तेव्हा मला चार जणांच्या खोलीचं रहस्य उमगलं. क्रूझवरच्या ‘फॅमिली रूम’मध्ये बऱ्याचदा दोन पलंग खाली आणि दोन छताजवळ भिंतीत दुमडलेले असतात. रात्री खाली ओढायचे, उभी शिडी लावायची. पोरं त्यासाठी भांडतात. गुडघे धरलेल्या काकांना मात्र ती शिडी दाखवूसुद्धा नये. एकूण सहा माणसं, त्यात दोन ज्येष्ठ, असा गोतावळा असेल तर चारची एक आणि दोनची एक अशा शेजारच्या खोल्या मागाव्यात. मधलं दार उघडणाऱ्या खोल्या डेक प्लॅनवर दोन टोकी बाणानं दाखवलेल्या असतात.

डेक प्लॅन वाचणं अवघड नाही, सातबारा वाचू शकणाऱ्याला तर मुळीच नाही. आपली खोली सापडली की तिच्या वर आणि खाली काय आहे ते बघायचं. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा खर्रखर्र आवाज ऐकायचा. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वरखाली दोन्हीकडं खोल्याच असतील तर झोप लागते. अगदी पुढच्या टोकाला बंदरात नांगराच्या साखळीचा आवाज, अगदी मागं यंत्राची थरथर. लाटांनी डोलणं सगळ्यात कमी जाणवतं ते जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. म्हणजे ज्या खोल्या एजंट ‘स्वस्तातल्या’ म्हणून नाक मुरडून सांगतो, त्याच मळमळ होणाऱ्या माणसासाठी सर्वांत बऱ्या. आमच्या काकूंना बसमध्ये चाळीसगाव घाटातही पिशवी लागते; त्यांना मध्यावरची, खालची, बिनखिडकीची खोली दिली. शेवटपर्यंत त्यांची एकच तक्रार होती, सकाळ झाली ते कळत नाही.

समुद्रदर्शनाच्या काही खोल्यांसमोर जीवरक्षक नाव टांगलेली असते. तुम्ही पडदा सारून केशरी पत्रा बघत बसता. प्लॅनवर त्याची खूण असते, भावही जरा कमी असतो. आणि ‘गॅरंटी केबिन’ हा स्वस्तातला प्रकार घेतला तर खोलीचा नंबर कंपनी ठरवते. एका एजंटानं आमच्या गटाला तशी तिकिटं दिली, आणि सासू-सासरे पुढच्या टोकाला, नातवंडं तीन मजले वर. जेवणाच्या वेळा सांभाळायला मोबाइल चालेना, तेव्हा लिफ्टपाशी माणूस उभा करावा लागायचा.

मोठं जहाज चांगलं की लहान? ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे २०२४मध्ये निघालेलं अवाढव्य जहाज २,४८,६६३ ग्रॉस टनांचं, लांबी ३६५ मीटर. ग्रॉस टन हे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागा, मग माणशी किती जागा ते निघतं. एम्प्रेस सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांची, खोल्या ८००च्या आसपास. प्रत्येक खोलीत दोघं धरले तर भागाकार ३०च्या घरात. सिंगापूरहून निघणारी ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाखावर, तिथं ४५. आयकॉनचा भागाकारही ४४च. म्हणजे आयकॉन भलं थोरलं असलं तरी माणशी जागा गेंटिंग ड्रीमइतकीच. हे गणित एजंटापुढं मांडा, त्याची चहाची ऑर्डर लगेच जाते. पण सुटीच्या दिवसांत खोलीत तिसरा-चौथा पलंग उघडला की आकडा घसरतो, हेही ध्यानात असू द्यावं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या एकत्र कुटुंबाला छोटं जहाजच बरं. आजोबा हरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी वेटर आपल्याला ओळखतो. भाषा हिंदी. जैन आणि शाकाहारी जेवण मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर सहज मिळतं, आपल्याकडच्या मारवाडी-गुजराती मित्रांचा अर्धा निर्णय तिथंच होतो. माळकरी माणसानं कांदा-लसणाचं बुकिंगच्या वेळी लिहून द्यावं, जहाजावर चढल्यावर नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळणार नाही, ठेचा तर नाहीच. घरचं शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री असल्या वस्तू आगीच्या भीतीनं काढून घेतात, तेव्हा ‘काय भो, चहाच करायचा होता’ म्हणून उपयोग नसतो.

कॉलेजातली पोरं किंवा नवं जोडपं असेल तर सिंगापूरचं मोठं जहाज घ्या. गेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी जेवण आहे, आणि पेनांग, फुकेतसारख्या दोन-तीन रात्रींच्या सफरी होतात. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणून सिंगापूरचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, ते तपासावं.

लक्षद्वीपची सफर ज्येष्ठांसाठी निवडताना दोनदा विचार करा. अगत्तीला एवढं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच थांबून लहान होडीत उतरावं लागतं, आणि होडी वरखाली होत असताना पाय टाकायचा असतो. सहा महिन्यांखालचं बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गरोदर बाई यांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. मुंबईचा हंगाम पावसाळा संपल्यावरचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला गेला की गार जहाज फार सुखाचं वाटतं, पण सुट्यांमुळे भाव तेव्हाच चढतात. तिकिटावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि सेवकांची बक्षिसी वेगळी लागते, म्हणून एकूण आकडा लिहून मागावा.

रात्रीच्या गाडीनं सीएसएमटीला सकाळी उतरलं की बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच आहे. जहाज सुटतं संध्याकाळी. पण गाडी लेट होण्याची आपल्याला सवय, जहाजाला नाही. शक्यतो आदल्या दिवशी पोचावं.

आणि समुद्र मानवतो की नाही याचीच शंका असेल, तर लाखभर घालवण्याआधी सुरतची गाडी धरा. तापीचं पाणी जिथं समुद्राला मिळतं त्याच बाजूला हजिरा आहे. तिथून खंबातच्या आखातापलीकडं घोघ्याला रो-पॅक्स फेरी नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाली. रस्त्यानं ३७० किलोमीटर पडणारं अंतर पाण्यातून ९० होतं, चारेक तास लागतात, गाडीही चढवता येते. अलंगला मी त्याच फेरीनं गेलो. चार तासांत घरातल्या प्रत्येकाचा निकाल लागतो : कोण कठड्याला उभं राहून वाऱ्यात फोटो काढतंय आणि कोण तोंडात आल्याची वडी धरून डोळे मिटून बसलंय. त्यानंतर डेक प्लॅन उघडायचा आणि डोळे मिटलेल्यांच्या खोल्या आधी शोधायच्या.