सव्वा तासाचा हिशेब

लंडन आणि पॅरिस यांमधील हवाई अंतर सुमारे 340 किलोमीटर आहे. जेट विमान ते तासाभरात कापते. वेळापत्रकात मात्र धावपट्टीपर्यंतची संथ चाल धरून सुमारे सव्वा तास लिहिलेला असतो. (पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असल्याने, वेळापत्रक वरवर चाळणाऱ्यास जाताना सव्वादोन तास आणि येताना अवघी पंधरा मिनिटे लागतात असे वाटावे!)

परंतु प्रवाशाचे घर धावपट्टीवर नसते. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेस आहे, आणि पॅरिस तर आग्नेयेस. म्हणजे मध्य लंडनमधून निघालेला प्रवासी प्रथम पॅरिसकडे पाठ फिरवून जातो. पुढे शार्ल द गोल विमानतळावर, शहराच्या ईशान्येस, उतरून पुन्हा मागे येतो. त्यात तपासणीसाठी दीड-दोन तास आधी हजर राहणे आले. सव्वा तासाचे चार तास होण्यास एवढे पुरेसे आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा स्थिर खर्च होय. न्यूयॉर्कच्या प्रवासात तो सहज मुरून जातो. 340 किलोमीटरांत मात्र मूळ प्रवासापेक्षा तोच भारी ठरतो.

या मार्गावरील दैनंदिन विमानसेवा 25 ऑगस्ट 1919 रोजी सुरू झाली. त्या लहानशा विमानाला सुमारे अडीच तास लागत. समुद्राखालील बोगदा 1994 मध्ये खुला झाला आणि इंग्लंडमधील जलद लोहमार्ग नोव्हेंबर 2007 मध्ये पुरा झाला. तेव्हापासून रेल्वेगाडी सुमारे सव्वादोन तासांत पोहोचते, तेही शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. लोहमार्गाची लांबी सुमारे 490 किलोमीटर, हवाई अंतराहून कितीतरी अधिक. तरीही दारापासून दारापर्यंतच्या शर्यतीत बहुधा गाडीच जिंकते. ब्रिटनचा पासपोर्ट-तपासणीचा सोपस्कार तिलाही चुकलेला नाही, आणि 2020 मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तो वाढलाच, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग स्वस्त तिकीट पुष्कळदा विमानाचेच का असते? कारण किमती समान पायावर ठरलेल्याच नाहीत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर दोन्ही देशांत कर नाही. ब्रिटन 1994 पासून विमानप्रवाशामागे एक कर घेते खरे, पण तो माणसावर आहे, जाळलेल्या इंधनावर नव्हे. उलट बोगदा खासगी भांडवलातून उभा राहिला असून तेथून जाणाऱ्या गाडीला आणि तिच्यातील प्रवाशांमागे पथकर भरावा लागतो. बाजाराचा कौल म्हणून ज्याचा गौरव होतो, तो बव्हंशी कररचनेचा कौल आहे.

फ्रान्सने 2023 मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येईल अशा देशांतर्गत मार्गांवरील विमाने बंद करण्याचा कायदा अमलात आणला. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिआँ हे तीनच मार्ग त्याच्या कक्षेत आले. लंडनचा मार्ग या कसोटीत वेळेने बसतो. आंतरराष्ट्रीय असल्याने सुटतो. शिवाय या विमानांतील कित्येकांना पॅरिस पाहायचेच नसते. त्यांना तेथून दुसरे विमान गाठायचे असते. अशा प्रवाशाला शहराच्या मध्यात उतरवणारी गाडी गैरसोयीचीच ठरणार.