बांबूवर टिकलेली अक्षरे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीच्या जंगलात बांबूला तोटा नाही, पण पडलेला बांबू वाळवी आणि पावसाळा फार काळ टिकू देत नाहीत. चीनमध्ये मात्र बंदिस्त, पाणथळ थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवरची शाई दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. १९७२ साली शानतुंग प्रांतात एकाच थडग्यात सुन त्झू आणि सुन पिन यांचे युद्धशास्त्रावरचे वेगवेगळे ग्रंथ निघाले, आणि हे दोघे एकच असावेत हा जुना तर्क ढासळला. छिंगह्वा विद्यापीठाला २००८ साली मिळालेल्या पट्ट्या उत्खननातल्या नाहीत, म्हणून त्यांवर शंका घेतली जाते. ती रास्तच, कारण कार्बन चाचणी बांबूचे वय सांगते, लेखनाचे नव्हे. तरीही अक्षरांची वळणे उत्खननातल्या पट्ट्यांशी ताडता येतात. आपल्याकडे, याच चंद्रपूर जिल्ह्यात, देवटेकचा ब्राह्मी लेख उरला तो दगडावर असल्यामुळे; तेवढ्यावरून इथे नाशवंत साधनांवर कोणी लिहीतच नव्हते, असे म्हणता येणार नाही.