मोबाईल ऑटोच्या डब्यात

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीची बाग उभी असलेल्या मळ्यात गेलात, तर विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत स्टार्टरशेजारी एक छोटा डबा दिसेल. कंपनीचं नाव काहीही असो, गावात त्याला ‘मोबाईल ऑटो’च म्हणतात. घरून फोन लावायचा, एक आकडा दाबला की मोटार चालू, दुसरा दाबला की बंद. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला बॅटरी घेऊन जो बांधावरून गेलाय, त्याला या डब्याचं मोल सांगावं लागत नाही.

डब्याच्या पोटात असतो तो एम्बेडेड प्रोग्राम, म्हणजे एकाच कामासाठी यंत्रात कायमचा बसवलेला. इथे चूक महाग पडते. एक फेज गेला किंवा विहिरीने तळ गाठला आणि मोटार तशीच फिरत राहिली, की वायंडिंग जळालंच.

आमच्या मामांच्या मळ्यातला डबा चार वर्षं बिनतक्रार चालला. मग त्या शिवारात जुन्या सिमची रेंज गेली आणि उरलं फक्त जिओ. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जी म्हणून, आणि डब्यातलं सिमचं मॉड्यूल होतं २जी. बनवणाऱ्याने धंदा बंद केलेला. नवं मॉड्यूल मिळत होतं, पण त्याची उत्तरं द्यायची पद्धत थोडी वेगळी, म्हणून प्रोग्रामही बदलायला हवा. चिप कुलूपबंद होती. जुना प्रोग्राम पुसता येतो, वाचता येत नाही. मामा म्हणाले, “भाचा, डबा ते चांगला शे ना? मंग फेकानं कसाले?”

प्रोग्राम नव्याने लिहिला. चिप होती एटीमेगा३२८, प्रोग्रामसाठी जागा ३२ केबी आणि कामाची स्मृती २ केबी. व्हॉट्सअॅपवरचा सुप्रभातचा फोटोही यात मावणार नाही. पण मोटार चालवायला तेवढी जागा भरपूर. सी भाषेत लिहिलेलं चिपच्या भाषेत नेणारा जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केला, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. चिपमध्ये प्रोग्राम भरणारं एव्हीआरड्यूडही खुलंच. आर्डुइनो याच दोघांवर उभा आहे. तो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात जन्मला आणि त्याचं नाव तिथल्या एका बारवरून पडलं. आमच्या कॉलेजात ८०५१ चिप शिकवायचे. तिचा नावाजलेला कंपायलर फुकट घेतला की २ केबीपुढे हात टेकायचा. संदीप दत्ता यांनी सुरू केलेल्या एसडीसीसी या खुल्या कंपायलरला अशी मर्यादा नाही, हे मात्र आम्हाला पदवी हातात पडल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी नवा प्रोग्राम हट्टाला पेटला. फोन वाजला की डबा गप्प. शेवटी लॉजिक अॅनालायझर जोडला. बोटभर लांबीचा, स्वस्तातला. लॅपटॉपवर सिगरॉक प्रकल्पाचं पल्सव्ह्यू उघडलं, तेही खुलं. मॉड्यूल आणि चिप यांच्यातल्या तारेवरचं बोलणं अक्षर न् अक्षर पडद्यावर आलं. ‘रिंग’ असा निरोप आला आणि पाठोपाठ चिपने आपला सुरुवातीचा संदेश पुन्हा दिला. म्हणजे ती मध्येच रीसेट झाली होती! मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, व्होल्टेज बसतं, चिप मूर्च्छित. मॉड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि रोग गेला. प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो असतो तर महिना गेला असता.

दुसरी खोड माझीच. लाईट गेली तरी मोटारीची स्थिती लक्षात राहावी म्हणून ती दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये लिहीत होतो. त्या जागेची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. गणित केलं तर २८ तासांत संपली! आता स्थिती बदलली तरच लिहितो. शिवाय लाईट आल्यावर मोटार लगेच सुरू होत नाही, प्रत्येक डबा वेगवेगळी सेकंदं थांबतो. डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की फ्यूज उडतो, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, वायरमनने सांगितलं.

जैन इरिगेशनमुळे ठिबकचं नाव जळगावशी जोडलं गेलंय. अशा ठिबकचे दहा व्हॉल्व्ह, खताची टाकी, ओलाव्याचे सेन्सर एकाच नियंत्रकावर आले की कामांची पाळी लावणारी व्यवस्था लागते. रिचर्ड बॅरी यांची २००३ सालची फ्रीआरटीओएस त्यासाठीच आहे, २०१७ पासून ती अॅमेझॉन सांभाळते. लिनक्स फाउंडेशनची झेफिर २०१६ ची. मामांच्या डब्याला यातलं काही लागत नाही आणि लावूही नये.

खुलं म्हणजे आपलाही कोड वाटावा लागतो, अशी भीती धंदेवाल्यांना असते. जीसीसीने बनवलेला प्रोग्राम बंद ठेवून विकायला परवानगी आहे. दुसऱ्याचा जीपीएल परवान्याचा कोड आपल्या डब्यात घातलात, तर मात्र गिऱ्हाइकाला मूळ कोड देणं बंधनकारक. ही अट मला योग्यच वाटते.

शिरपूर, धुळे, बांभोरी, फैजपूर इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प पाहावा. सर्किट रेखाटून तपासायचं ई-सिम तिथलंच. स्पोकन ट्युटोरियलचे छोटे धडे आहेत, कित्येक मराठीतून. आणि मोटारीचा प्रकल्प केलात तर काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टात पुरून टाकू नका. कोड आणि जोडणीचं चित्र खुलं ठेवा, सोबत मराठीत दोन पानं लिहा. शेतकऱ्यांनो, पुढचा मोबाईल ऑटो घेताना किंमत विचारून झाली की दुकानदाराला हेही विचारा, कंपनी उठली तर कोड कुणाकडे मिळेल?