यंत्राची चाळण आणि परगावचा तंत्रज्ञ



कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय बंगळूरच्या संगणकवाल्यांचा, त्याच्याशी उमरोळीला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याने सकाळी येथून बोईसरकडे जाणारी गाडी पाहावी. तारापूरच्या रासायनिक, औषधी, पोलादी व कापडाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तसेच आपल्याच खानदेश-विदर्भातून आलेले डिप्लोमावाले, केमिस्ट, फिटर, बॉयलर अटेंडंट काम करतात. गाव सोडून आलेल्या या माणसाची नोकरी व बढती यंत्राने ठरविली तर त्याचे काय होईल, हा आजचा प्रश्न आहे.

हे यंत्र माणसाला ओळखत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याला हजारो जुने अर्ज दाखवितात. कोणाला घेतले, कोणाला नाकारले, हेही सांगतात. त्यावरून ते ठोकताळे बांधते आणि नव्या अर्जाला गुण देते. म्हणजे पूर्वीच्या साहेबांची आवडनिवडच ते गिरविते. अमेरिकेतील अॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून असे एक यंत्र तयार करविले. ते दहा वर्षांच्या अर्जांवर शिकले आणि त्यांतील बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. परिणाम असा झाला की, ‘महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार’ असे कोणी लिहिले, तर त्यातील ‘महिला’ या शब्दापायी तिचे गुण कापले जात. कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला. २०१८ साली ही हकीकत वृत्तपत्रांत आली.

यंत्राचा स्त्रियांवर राग नव्हता. नमुन्यात जे क्वचित होते, ते त्याला कमी प्रतीचे वाटले. परगावच्या माणसाची अडचण नेमकी हीच आहे. त्याचे कॉलेज येथे कोणाच्या ऐकिवात नसते. समजा, त्याने दुसऱ्या राज्यात आठ वर्षे रिअॅक्टर सांभाळला, पण ठेकेदाराच्या कागदावर तो हेल्परच राहिला. मध्यंतरी आईच्या आजारपणात वर्षभर गावी राहिला, तर अर्जात तेवढी पोकळी दिसते. जाणता फोरमन दोन प्रश्नांत त्याची पारख करील; यंत्रापुढे फक्त कागद असतो. शिवाय फोरमनशी भांडता येते. ‘कॉम्प्युटरने नाकारले’ म्हटल्यावर भांडावे कोणाशी?

तरी यंत्राला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. माणूसही गाव आणि आडनाव पाहून निवड करतो, हे आम्ही कामगार चळवळीत पुष्कळ पाहिले आहे. उलट हेच यंत्र नवख्याच्या उपयोगी पडते. हिंदीत सांगितलेला अनुभव ते इंग्रजी अर्जात नीट मांडते, मुलाखतीची तालीम करून घेते. मात्र कधीकधी न केलेले कामही ते बेधडक लिहून देते; म्हणून प्रत्येक ओळ तपासून घ्यावी. रासायनिक कारखान्यात खोट्या अनुभवाची किंमत जिवाने मोजावी लागते.

आपली मुलेही परमुलखात जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. जर्मनीत २०१२ च्या कायद्याने परदेशी व्यवसायशिक्षणाची तेथील शिक्षणाशी तुलना करून मागण्याचा हक्क मिळतो. कागद अपुरे असल्यास काम करून दाखवूनही कौशल्य सिद्ध करता येते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरती व बढती ठरविणारी यंत्रे मोठ्या धोक्याच्या वर्गात घातली असून त्यांवर माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे. तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले.

आपणही तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. अर्ज यंत्राने चाळला असेल तर तसे सांगावे. नाकारल्यास कारण द्यावे आणि फेरविचार माणसाने करावा. कागद तोकडा असेल तेथे हातचे काम पाहावे. चौथी गोष्ट आपण आजच करू शकतो: ठेकेदाराकडून हजेरीच्या दाखल्याबरोबर प्रत्यक्ष केलेल्या कामाचे नाव व मुदत लिहून घ्यावी. तो कागद माणसापुढेही चालतो आणि यंत्रापुढेही.

आपल्या मुलाला स्टुटगार्टमध्ये जो न्याय मिळावा असे आपणांस वाटते, तोच उमरोळीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गोरखपूरच्या मुलालाही मिळाला पाहिजे.